यादवी युद्धाआधीची अमेरिका वर्गात शिकवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एस.वाय.बी.ए.ला अमेरिकेचा इतिहास तुम्ही पहिल्यांदाच शिकवताय. मुलं १८२०, १८५०, १८५४, १८५७ ही सालं घडाघडा म्हणतात, पण ‘गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर आणि दक्षिणेतला दुरावा कसा वाढत गेला’ असं विचारलं की सगळ्यांच्या पेपरात तेच वाक्य येतं, ‘उत्तर औद्योगिक होती आणि दक्षिण शेतीप्रधान होती’. शिवाय दोन गोष्टी अडतायत. दक्षिणेतली राज्यं फुटली आणि १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, त्याचं खरं कारण ‘राज्यांचे हक्क’ (केंद्रानं राज्यांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये हा आग्रह) हे मानायचं का, आणि वर्गात जातीचा विषय निघाला की काय करायचं.

खानदेशातल्या एका कॉलेजात मी हा पेपर सव्वीस वर्षं शिकवतोय. पहिली आठ-नऊ वर्षं मीही फळ्याच्या मधोमध रेघ ओढायचो. डावीकडे उत्तर: गिरण्या, रेल्वे, मजूर. उजवीकडे दक्षिण: मळे, कापूस, गुलाम. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत तसंच्या तसं उतरवायची. एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, डावीकडच्या गिरण्यांना कापूस कुठून यायचा?” तिच्या घरी कापसाचीच शेती होती, म्हणून तिला तो प्रश्न पडला. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या गिरण्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसावरच चालत होत्या. न्यूयॉर्कचे व्यापारी मळेवाल्यांना उचल देत होते, त्यांचा माल जहाजांनी इंग्लंडला धाडत होते. चार्ल्स समनर या मॅसॅच्युसेट्सच्याच नेत्यानं १८४८ साली चाबकाचे मालक आणि मागाचे मालक यांची युती झाल्याचा आरोप जाहीरपणे केला होता. म्हणजे माझी रेघच चुकीची होती. दोन्ही बाजू एकाच धाग्यानं बांधलेल्या होत्या, आणि खरा प्रश्न असा होता की इतक्या घट्ट बांधलेली माणसं तुटली कशी.

तेव्हापासून मी दर टप्प्यावर वर्गाला एकच प्रश्न विचारतो: ज्याला कालपर्यंत गप्प बसता येत होतं, त्याला आज ते का जमेनासं झालं? माझ्या मते दुरावा वाढण्याचं मर्म इथे आहे. गुलामगिरी वाईट आहे हे १७८७ सालीही पुष्कळांना माहीत होतं. घटना लिहिणाऱ्यांनी ‘गुलाम’ हा शब्द टाळला, पण प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलामांची तीन माणसं धरली, पळून गेलेल्याला परत करण्याचं कलम घातलं, आणि १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालता येणार नाही अशी तरतूद केली. त्याच वर्षी ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या प्रदेशात गुलामगिरीला बंदीही झाली. तुमचं तुमच्याकडे, आमचं आमच्याकडे, असा तो समझोता होता. पुढची सत्तर वर्षं म्हणजे हा समझोता पाळणं लोकांना कसं अशक्य होत गेलं त्याची हकीकत आहे.

सुरुवात कापसापासून करा. तुमच्या भागात कापूस होत असेल तर पहिल्या तासाला सरकीसकट कापूस वर्गात न्या आणि प्रत्येकाच्या हातावर मूठभर ठेवा. दहा मिनिटांत हातानं सरकी काढून दाखवा म्हणावं. सरकीला रुई कशी चिकटून बसते, नखं कशी दुखतात, आणि दहा मिनिटांनी हातात किती थोडी रुई जमते, हे त्यांना स्वतः कळू द्या. अमेरिकेच्या आतल्या भागात होणारा आखूड धाग्याचा कापूस असाच होता. एका माणसाची दिवसभराची कमाई म्हणजे जेमतेम पौंडभर रुई. १७९३ साली एली व्हिटनीनं जिनिंगचं यंत्र काढलं आणि त्यावर दिवसाला पन्नास पौंड रुई निघू लागली. इथे मुलांना विचारा: यंत्र आलं म्हणजे मजूर कमी लागले असतील ना? बहुतेक जण हो म्हणतात. मग आकडे फळ्यावर लिहा. १७९० साली अमेरिकेत जवळपास सात लाख गुलाम होते, १८६० साली साडेएकोणचाळीस लाख. सरकी काढणं सोपं झालं, पण लावणी, निंदणी आणि वेचणी माणसाच्याच हातात राहिली, आणि आता कितीही पिकवलं तरी खपणार होतं. ज्या मुलांच्या घरी वेचणीला माणसं मिळत नाहीत त्यांना हे एका वाक्यात समजतं.

पुढचं त्यांना सांगावं लागतं. १८०८ नंतर बाहेरून गुलाम आणायला बंदी होती, म्हणून व्हर्जिनिया-मेरिलँडसारख्या जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे माणसं विकली गेली. यादवीपर्यंत सुमारे दहा लाख माणसं अशी हलवली गेली. काही मालकांबरोबर गेली, बरीचशी बाजारात विकली गेली. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. इथे मी घाई करत नाही. ‘दक्षिणेची अर्थव्यवस्था’ या तीन शब्दांखाली ही ताटातूट गाडली जाते, आणि मग मुलांना वाटतं की भांडण जकातीचं असेल किंवा रेल्वेचं असेल.

दुसरी गोष्ट नकाशा. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्यानं १८६१ साली, १८६० च्या जनगणनेवरून, दक्षिणेतल्या प्रत्येक काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेकडा किती लोक गुलाम होते याचा नकाशा छापला. जिथे गुलाम जास्त तिथे रंग गडद. युद्धकाळातले राष्ट्राध्यक्ष लिंकन हा नकाशा नेहमी पाहत असत. तो इंटरनेटवर सहज मिळतो. मोठ्या कागदावर छापून घ्या आणि भिंतीवर लावा. मिसिसिपी नदीचा काठ काळाकुट्ट दिसतो. तिथल्या इसाक्वीना काउंटीत शंभरातली ९२ माणसं गुलाम होती. अलाबामाच्या मधून एक काळा पट्टा जातो, आणि तिथली जमीनही काळीच आहे, आपल्या कापसाच्या जमिनीसारखी. उलट व्हर्जिनियाचा डोंगराळ पश्चिम भाग पांढराफटक. एवढं पाहिलं की ‘दक्षिण’ हा एकसंध गोळा राहत नाही. युद्धाच्या ऐन मध्यात, १८६३ साली, तोच पांढरा भाग वेस्ट व्हर्जिनिया नावाचं वेगळं राज्य झाला. आणि सर्वांत आधी फुटून निघालेलं साउथ कॅरोलायना पाहा: तिथे निम्म्याहून जास्त लोकसंख्या गुलाम होती.

आता टप्पे. १८२० च्या मिसुरी तडजोडीवर एक तास पुरे. मिसुरी गुलामगिरीचं राज्य, मेन मुक्त राज्य, आणि ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशाची रेघ, मिसुरी सोडून तिच्या उत्तरेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी नाही. सिनेटमध्ये दोन्हीकडची राज्यं सारखी राहावीत याचा एवढा आटापिटा का, हे मात्र समजावून द्या: उत्तरेची लोकसंख्या वाढत होती, प्रतिनिधीगृह दक्षिणेच्या हातून गेलेलं होतं, सिनेट तेवढं उरलं होतं.

१८३० च्या दशकात जास्त थांबा, कारण क्रमिक पुस्तकं ते ओलांडून पुढे जातात. १८३१ च्या जानेवारीत गॅरिसननं बॉस्टनमध्ये ‘लिबरेटर’ हे गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्र सुरू केलं. ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाच्या पुढारपणाखाली गुलामांचा उठाव झाला. पुढच्या हिवाळ्यात व्हर्जिनियाच्या विधिमंडळात गुलामगिरी हळूहळू संपवावी का यावर उघड चर्चा झाली आणि प्रस्ताव पडला. दक्षिणेतल्या एवढ्या मोठ्या राज्यात अशी चर्चा पुन्हा झाली नाही. १८३५ साली चार्ल्सटनमध्ये जमावानं टपालातून आलेले गुलामगिरीविरोधी छापील कागद जाळले. १८३६ साली प्रतिनिधीगृहानं ठरवलं की गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेशिवाय बाजूला ठेवायचे. हा नियम १८४४ पर्यंत चालला आणि माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स साधे सभासद म्हणून त्याविरुद्ध भांडत राहिले. आता वर्गाला प्रश्न विचारा. गुलामाची फारशी फिकीर नसलेला, पण सही करून अर्ज पाठवलेला मॅसॅच्युसेट्सचा गोरा शेतकरी आता काय म्हणेल? तो म्हणेल, त्यांचे गुलाम राखण्यासाठी माझं तोंड का बंद करता? दक्षिणेतही सूर बदलला. आधीची पिढी गुलामगिरीला नाइलाजाचं दुखणं म्हणत होती. १८३७ साली सिनेटमध्ये साउथ कॅरोलायनाच्या कॅल्हूननं तिला चांगली गोष्ट ठरवलं. १८४५ पर्यंत मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट चर्चही याच प्रश्नावर दुभंगली. देश फुटण्याआधी पंधरा वर्षं देवळं फुटली, हे मुलांच्या लक्षात राहतं.

१८५० चा पलायित गुलामांचा कायदा हा माझ्या दृष्टीनं या प्रकरणाचा गाभा आहे, त्याला दोन तास द्या. आधी मी एक जाहिरात वाचून दाखवतो. १८०४ साली टेनेसीच्या एका वर्तमानपत्रात आलेली. तीस वर्षांचा, सहा फूट एक इंच उंच गुलाम पळालाय. पकडून देणाऱ्याला पन्नास डॉलर. आणि त्याला कुणी फटके मारले तर दर शंभर फटक्यांना दहा डॉलर वर, तीनशे फटक्यांपर्यंत. मग विचारतो, जाहिरात कुणी दिली असेल? अँड्र्यू जॅक्सननं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला, वीस डॉलरच्या नोटेवर ज्याचं चित्र आहे तो. वर्ग गप्प होतो. त्या शांततेतच कायद्याची कलमं सांगायची. पकडलेल्याला ज्यूरी नाही. त्याला स्वतःची साक्ष देता येत नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरला, माणूस मालकाला दिला तर दहा डॉलर, सोडला तर पाच. लपवणाऱ्याला हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद. आणि अंमलदार रस्त्यावरच्या कुठल्याही नागरिकाला मदतीला बोलावू शकतो. शेवटचं कलम दोनदा वाचा. बॉस्टनमधल्या दुकानदाराला आता केवळ बघत बसण्याचीही मोकळीक उरली नव्हती.

त्या पाठोपाठ अँथनी बर्न्सची गोष्ट. व्हर्जिनियातून पळून आलेला वीस वर्षांचा तरुण, बॉस्टनमध्ये एका कपड्यांच्या दुकानात कामाला. भावाला पाठवलेल्या पत्रावरून मालकाला पत्ता लागला. २४ मे १८५४ ला दागिने चोरल्याचं खोटंच निमित्त सांगून त्याला धरलं. दोन दिवसांनी लोकांनी कोर्टावर चाल केली, त्यात पहाऱ्यावरचा एक माणूस मेला. २ जूनला सैन्याच्या कड्यातून त्याला बंदरावर नेलं. दुतर्फा सुमारे पन्नास हजार माणसं उभी होती, इमारतींवर काळी कापडं, आणि रस्त्यावर आडवी टांगलेली एक शवपेटी, तिच्यावर ‘स्वातंत्र्य’ असं लिहिलेलं. एका माणसाला बेड्या घालून परत पाठवायला एवढं सैन्य लागलं. बॉस्टनमधल्या एका बड्या कापड व्यापाऱ्यानं नंतर लिहून ठेवलंय की आदल्या रात्री आपण जुन्या वळणाचे, तडजोडवादी म्हणून झोपलो आणि सकाळी कट्टर गुलामगिरीविरोधी होऊन उठलो. मागाचा मालक चाबकाच्या मालकापासून तुटला तो असा. पुढच्या वर्षी लोकांनी वर्गणी काढून बर्न्सला विकत घेतलं आणि मुक्त केलं. तो शिकला, धर्मोपदेशक झाला. हेही सांगा. नाहीतर तो मुलांच्या लेखी बेड्यांतच राहतो. आणि एक गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगा: तो पळाला म्हणून बॉस्टन जागं झालं. पळून जाणाऱ्या माणसांनीच हा प्रश्न उत्तरेच्या उंबरठ्यावर आणून ठेवला.

बर्न्सचा खटला चालू असतानाच, ३० मे १८५४ ला, कॅन्सास-नेब्रास्का कायद्यावर सही झाली. इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लस यानं मिसुरीची जुनी रेघ पुसली. गुलामगिरी हवी की नको ते तिथल्या रहिवाशांनी मतदानानं ठरवावं. ऐकायला लोकशाही वाटते. कॅन्सासमधल्या मार्च १८५५ च्या निवडणुकीत मतदार तीन हजारांहून कमी आणि पडलेली मतं सहा हजारांहून जास्त. शेजारच्या मिसुरीतून टोळ्या येऊन मतं टाकून गेल्या. आपल्या मुलांना बोगस मतदान समजावून सांगावं लागत नाही. १८५६ च्या मे महिन्यातले चार-पाच दिवस सलग सांगा: २१ ला कॅन्सासमधल्या लॉरेन्स या गुलामगिरीविरोधी गावाची लुटालूट, २२ ला सिनेटच्या सभागृहात साउथ कॅरोलायनाचा प्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्स यानं समनरला काठीनं रक्तबंबाळ केलं, २४ च्या रात्री कट्टर गुलामगिरीविरोधी जॉन ब्राउनच्या टोळीनं कॅन्सासमधल्याच पॉटावाटोमीला पाच जणांना मारलं. ब्रूक्सला दक्षिणेतून नव्या काठ्या भेट आल्या. ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावर एक तास पुरतो, फक्त एवढं ठसवा की १८५७ च्या त्या निकालानं मधली वाट बंद झाली: नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा अधिकारच काँग्रेसला नाही म्हटल्यावर रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच घटनाबाह्य ठरला.

एक पथ्य मी कसोशीनं पाळतो. १८६० येईपर्यंत ‘युद्ध’ हा शब्द वर्गात काढत नाही. पुढे काय होणार हे माहीत असलं की मुलांना प्रत्येक घटना म्हणजे युद्धाकडे जाणारी पायरी वाटते आणि १८५० च्या तडजोडीनंतर सुटकेचा निःश्वास टाकणारी माणसं मूर्ख वाटतात. ती मूर्ख नव्हती. त्यांना खरंच वाटलं होतं की मिटलं.

आता ‘राज्यांचे हक्क’. यावर भाषण देऊ नका, कागद हातात द्या. साउथ कॅरोलायनानं २० डिसेंबर १८६० ला फुटून निघण्याचा ठराव केला आणि २४ ला कारणांचा जाहीरनामा काढला. त्याचा मराठी तर्जुमा मी स्वतः करून ठेवलाय, चार पानांचा. मुलांना दोन रंगांच्या पेन्सिली देतो. एकीनं गुलामगिरीचा उल्लेख अधोरेखित करायचा, दुसरीनं जकातीचा. दुसरी पेन्सिल वापरायची वेळच येत नाही. उलट तक्रार अशी आहे की उत्तरेतल्या राज्यांनी आपापले कायदे करून पलायित गुलामांचा कायदा निकामी केला, आणि न्यूयॉर्क तर गुलाम बरोबर घेऊन तिथून जाऊसुद्धा देत नाही. म्हणजे उत्तरेतल्या राज्यांनी स्वतःचा हक्क बजावला हाच त्यांचा गुन्हा! इथे मार्गारेट गार्नरची आठवण करून द्या. जानेवारी १८५६ मध्ये ती केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला आली. पकडायला आले तेव्हा पोरीला परत गुलामीत जाऊ द्यायचं नाही म्हणून तिनं दोन वर्षांच्या लेकीला मारलं. ओहायो राज्य तिच्यावर खुनाचा खटला भरू पाहत होतं, म्हणजे तिला माणूस मानत होतं. केंद्राच्या कायद्यानं ती मालमत्ता होती, आणि केंद्राचाच कायदा चालला. त्या दिवशी दक्षिणेनं राज्याचा हक्क मागितला नाही.

मिसिसिपीनं तर गुलामगिरीशीच आपलं हित जोडलेलं असल्याचं सरळ लिहिलं, आणि फुटून निघालेल्या राज्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ ला सव्हानाच्या भाषणात काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हीच नव्या सरकारची कोनशिला असल्याचं सांगितलं. हेच स्टीफन्स युद्ध हरल्यावर घटनात्मक तत्त्वांचं कारण लिहू लागले. मुलांना एक सवय लावा: कागद हातात आला की आधी तारीख बघायची.

जातीचा विषय. तो निघणारच, आणि निघू द्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केली, हे आपल्या बहुतेक मुलांना माहीत असतं. म्हणून मी तिथूनच उलटा प्रश्न विचारतो: जोतीरावांनी ज्यांना वंदन केलं ते लोक उत्तरेत किती होते? मग खरं चित्र ठेवतो. १८६० साली काळ्या पुरुषांना गोऱ्यांच्या बरोबरीनं मताचा हक्क न्यू इंग्लंडमधल्या पाचच राज्यांत होता. लिंकनच्या इलिनॉयनं १८५३ साली काळ्या माणसांना राज्यात वस्ती करायलाच बंदी केली होती. गुलामगिरी पसरू नये म्हणणाऱ्या कित्येकांना नवी जमीन फक्त गोऱ्या शेतकऱ्यांसाठी हवी होती. त्यामुळे जोतीरावांचा आदर कमी होत नाही. गुलामीतून पळालेले फ्रेडरिक डग्लस आणि हॅरिएट टबमन, तसंच गॅरिसन यांच्यासारख्या मोजक्या माणसांनी बहुसंख्यांच्या विरुद्ध उभं राहून काय ओढून आणलं ते कळतं.

तुलना करताना फरकही त्यांच्याकडूनच काढून घ्या: तिथे माणूस कायद्यानं मालमत्ता होता, त्याला गहाण ठेवता येत होतं, वारसाहक्कानं वाटून घेता येत होतं. आपल्याकडची बंधनं जन्माची आणि धर्माच्या नावानं लादलेली. दोन्हीकडचं दुःख एका मापानं मोजायला लावू नका. आणि वर्गातल्या कुणाही मुलाला ‘तू सांग, तुला कसं वाटतं’ म्हणून त्याच्या जातीवरून उभं करू नका. माझ्याकडून एकदा ते झालंय. तो मुलगा पुढचे दोन आठवडे वर्गात आला नाही. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली.

राहता राहिला पेपर. अंतर्गत गुणांसाठी मी प्रत्येकाला चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर माणूस आणि ठिकाण: लोवेलची गिरणी कामगार बाई, केंटकीतला चार गुलामांचा शेतकरी, पश्चिम व्हर्जिनियाचा डोंगरातला शेतकरी, चार्ल्सटनचा कापूस दलाल, सिनसिनाटीत स्वयंपाक करणारी मुक्त काळी स्त्री. साल १८५९ चं डिसेंबर, हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावरच्या छाप्याबद्दल जॉन ब्राउनला फाशी झालेला आठवडा. दहा वर्षांपूर्वी जे सहज करता येत होतं ते आता का करता येत नाही, हे त्या माणसाच्या तोंडून एका पानात लिहायचं, किमान तीन घटनांच्या आधारानं. दोन वर्षांपूर्वी लोवेलच्या बाईची चिठ्ठी आलेल्या मुलीनं लिहिलं होतं: कापूस त्यांनी वेचला, जाडंभरडं कापड मी विणलं, आणि ते कापड परत त्यांच्याच अंगावर घालायला दक्षिणेत गेलं, बर्न्सला नेताना बघितल्यापासून मागावर बसले की मला ते आठवतं. त्या मुलीनं विद्यापीठाच्या पेपरात ‘उत्तर औद्योगिक, दक्षिण शेतीप्रधान’ असं लिहिलं नाही.

या कामाला घरी एक आठवडा द्या आणि पानं वर्गात मोठ्यानं वाचून घ्या. वाचणाऱ्यानं आधी भिंतीवरच्या नकाशात आपल्या माणसाचं ठिकाण दाखवायचं. नकाशाच्या बाहेर, उत्तरेत असेल तर तेही सांगायचं. माझा तर्जुमा हवा असेल तर पाठवतो, पण शक्य झालं तर तुमचा तुम्ही करा.